ओसीडीची गोळी सुरू करण्याआधी: फ्लुवोक्सामिन, पाठदुखीची गोळी आणि ‘सवय लागेल’ हा आक्षेप

सांजवारा

नमस्कार मंडळी. प्रश्न धाकट्या भावासाठी आहे. वय २१, वजन ६२ किलो, बाकी काही आजार नाही. मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, असं निदान झालंय. हात धुणं आणि गॅस-कुलूप तपासणं मिळून दिवसाचे चार-साडेचार तास जातात. वाय-बॉक्स या मोजपट्टीवर ४० पैकी २७ आले. मानसोपचारतज्ज्ञांनी फ्लुवोक्सामिन ५० मिग्रॅ रात्री दिलंय. ते दर आठवड्याला ५० ने वाढवत २०० पर्यंत न्यायचंय. सोबत क्लोनाझेपाम ही घबराट शमवणारी गोळी ०.२५, फक्त पहिले दोन आठवडे. ईआरपी थेरपीसाठी (भीती वाटते त्या गोष्टीला सामोरं जायचं आणि धुणं-तपासणं मात्र करायचं नाही, असा सराव) मानसशास्त्रज्ञांकडेही पाठवलंय, पण पहिली तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

गोळ्या आणल्यात, अजून सुरू केलेल्या नाहीत. डॉक्टरांनी ‘आणखी काही चालू आहे का’ विचारलं तेव्हा आम्ही नाही म्हणालो. घरी आल्यावर आठवलं: पाठ धरली की तो अ‍ॅसिक्लोफेनॅक-टिझानिडिनची गोळी घेतो, आठवड्यातून दोन-तीनदा. अ‍ॅसिडिटीला सकाळी पॅन्टोप्राझोल-डोम्पेरिडोन. आणि कॉफी रोज पाच कप.

बाबांचं म्हणणं, डोक्याची गोळी एकदा लागली की सुटत नाही. आई म्हणते, निम्म्या डोसवरच ठेवून बघू. पाकिटातला कागद वाचून तर मीही घाबरलेय. यातला खरा धोका कोणता आणि नुसती भीती कोणती, हे जाणकारांनी सांगावं.

---

खलबत्ता

आधी टिझानिडिन. त्या कागदावरच्या पन्नास ओळींतली तुमच्या घराला लागू असलेली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच आहे आणि ती बहुधा सगळ्यात बारीक अक्षरात असेल.

फ्लुवोक्सामिन आणि टिझानिडिन एकत्र घ्यायचंच नाही. ‘जपून घ्या’ या वर्गातलं हे नाही, सरळ निषिद्ध आहे. यकृतात सीवायपी १ए२ नावाचं एक विकर असतं, टिझानिडिनचा निचरा तेच करतं. फ्लुवोक्सामिन त्या विकराला जवळपास कुलूप लावतं. निरोगी माणसांवर केलेल्या चाचणीत फ्लुवोक्सामिन चालू असताना टिझानिडिनचं रक्तातलं एकूण प्रमाण सरासरी ३३ पट झालं होतं. म्हणजे २ मिग्रॅची गोळी शरीराला साठ-पासष्ट मिग्रॅसारखी लागते. रक्तदाब धाडकन उतरतो, नाडी मंदावते, माणूस झोपेतून उठवता उठत नाही.

तेव्हा डॉक्टरांना आजच फोन करा. दोन वाटा आहेत. एक, पाठीची गोळी बंद करून साधं पॅरासिटामॉल, शेक आणि व्यायाम. दोन, टिझानिडिन खरंच लागणार असेल तर फ्लुवोक्सामिनऐवजी सर्ट्रालिनसारखी दुसरी गोळी. तिचा या विकराशी फारसा संबंध येत नाही. निवड डॉक्टरांची, पण त्यांना माहिती मिळाली तरच ते निवडणार. आठवड्यातून दोन-तीनदा घेत असेल तर टिझानिडिन थांबवायला अडचण नसते. रोज मोठ्या डोसमध्ये घेणाऱ्यांनी मात्र ते एकदम तोडू नये, रक्तदाब उसळतो.

अ‍ॅसिक्लोफेनॅकचं वेगळं. फ्लुवोक्सामिन ज्या एसएसआरआय गटातलं आहे, त्या गटातल्या सगळ्याच गोळ्यांनी रक्त गोठण्याची क्रिया किंचित मंदावते आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन पोटाचं अस्तर दुखावतात. दोन्ही मिळून जठरातून रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते. २१ व्या वर्षी ती मुळात कमी असते, पण अ‍ॅसिडिटी आधीच आहे म्हणून टाळलेलं बरं. काळं, डांबरासारखं शौच झालं तर त्याच दिवशी दवाखाना.

डोम्पेरिडोनमुळे हृदयाची लय बिघडण्याचा लहानसा धोका असतो आणि फ्लुवोक्सामिनमुळे ते शरीरात साचू शकतं. त्याला उलटीचा त्रास नसेल तर नुसतं पॅन्टोप्राझोल पुरतं. आपल्याकडे ही जोडगोळी इतकी सर्रास दिली जाते की तिला कुणी औषध म्हणून मोजतच नाही. तुम्हीही मोजलं नव्हतंत.

आता कॉफी. कॅफिनचाही निचरा तेच विकर करतं. एरवी निम्मं कॅफिन साधारण ५ तासांत निघून जातं, फ्लुवोक्सामिनवर त्याला ३० तासांच्या आसपास लागतात. पाच कप चालू राहिले तर सोमवारची कॉफी मंगळवारच्या कॉफीला भेटते. मग छातीत धडधड, हात कापणं, झोप उडणं, आणि सगळे म्हणतात ‘गोळी सोसत नाही’. गोळी सुरू होण्याआधी आठवडाभरात पाचाचे तीन, तीनाचा एक करा. एका दिवसात तोडलीत तर डोकं दुखेल. चहातही कॅफिन असतं, कॉफीपेक्षा कमी इतकंच.

आणखी तीन गोष्टी फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवा: ट्रामाडॉल असलेली दुखण्याची गोळी नाही, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध नाही, ऑनलाइन मिळणाऱ्या सेंट जॉन्स वर्टच्या कॅप्सूल नाहीत. फ्लुवोक्सामिनसोबत या तिन्हींमुळे सेरोटोनिन सिंड्रोम, म्हणजे शरीरात सेरोटोनिन या रसायनाचा अतिरेक, होऊ शकतो: दरदरून घाम, थरथर, पाय आपोआप झटकणं, जुलाब, ताप, बेचैनी. बहुतेक वेळा तो दुसरं औषध पोटात गेल्यापासून काही तासांत, एका दिवसाच्या आत सुरू होतो. असं दिसलं तर वाट न बघता हॉस्पिटल. आणि कुणाला दमा असेल तर थिओफायलिनबद्दलही विचारा, तेही याच विकरावर अडकतं.

---

कोरा कागद

खलबत्तांनी औषध-औषधातला धोका सांगितला. गोळीच्या स्वतःच्या धोक्यांचं वेळापत्रक असं.

पहिले दोन आठवडे: मळमळ. फ्लुवोक्सामिनच्या चाचण्यांत साधारण ४० टक्के लोकांना झाली, बिनऔषधाच्या गोळीवर १४ टक्क्यांना. रात्रीच्या जेवणानंतर घेतली की कमी होते आणि बहुतेकांची दोन-तीन आठवड्यांत जाते. दुसरी गोष्ट पेंग. पहिले काही दिवस सकाळी दुचाकी त्याच्या हातात देऊ नका, विशेषतः क्लोनाझेपाम सोबत असताना. दारू पूर्ण बंद.

पहिल्या आठवड्यापासून पहिल्या दोन-तीन महिन्यांपर्यंत, आणि दर वेळी डोस वाढवल्यावर: ज्याची सगळ्यांना भीती वाटते तो आत्महत्येच्या विचारांचा इशारा. तो खरा आहे, पण आकड्यांसकट वाचा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांच्या चाचण्या एकत्र तपासल्या. असे विचार किंवा तसं वर्तन औषधावर सुमारे ४ टक्के, बिनऔषधाच्या गोळीवर २ टक्के. त्या चाचण्यांत एकही आत्महत्या झालेली नव्हती. २००७ मध्ये हा इशारा १८ ते २४ वयापर्यंत वाढवला, म्हणजे तुमचा भाऊ त्यात बसतो. त्याच वर्षी १९ वर्षांखालच्यांवरच्या चाचण्यांचं एक एकत्रित विश्लेषण आलं, त्यात आजारांप्रमाणे हिशोब वेगळा काढला होता. ओसीडीत दर ६ जणांना औषध दिल्यावर एकाला बिनऔषधाच्या गोळीपेक्षा जास्तीचा फायदा झाला, आणि असे विचार किंवा वर्तन वाढण्याचं प्रमाण साधारण २०० मागे एक. नैराश्यात हेच गणित १० आणि ११२ असं होतं. ओसीडीत तराजू औषधाच्या बाजूने जास्त झुकतो, हे त्या पाकिटातल्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून लक्ष कशावर ठेवायचं? ‘उदास दिसतोय का’ एवढ्यावर नाही. आधी दिसते ती अस्वस्थता: एका जागी बसवत नाही, येरझाऱ्या, चिडचिड, रात्रभर टक्क डोळे. हे नव्याने सुरू झालं किंवा डोस वाढवल्यावर दोन-चार दिवसांत उसळलं तर पुढची पायरी न चढता डॉक्टरांना कळवा. आणि याच्या उलट चित्र, झोप तीन तास तरी तरतरी, बडबड, उधळपट्टी, मोठमोठे बेत, हे बायपोलरचं (उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या आजाराचं) लक्षण असू शकतं. घराण्यात कुणाला तो आजार असेल तर गोळी सुरू करण्याआधीच सांगा.

इथे ओसीडीपुरती एक अवघड गाठ आहे. या आजारात ‘मी गच्चीवरून उडी मारली तर?’, ‘सुरी कुणाला लागली तर?’ असे नको असलेले विचार मुळातच येतात. त्या विचाराने माणूस घाबरतो, गच्चीवर जायचंच टाळतो, सुऱ्या लपवतो. मरावंसं वाटणं हे वेगळं: त्यात विचाराची भीती नसते, निरोपाची भाषा असते, तयारी असते. गोळी सुरू केल्यावर पहिल्या प्रकाराला दुसरा समजून औषध बंद पाडलं जातं, आणि दुसऱ्याला ‘ओसीडीच आहे’ म्हणून सोडून दिलं जातं. दोन्ही चुका महागात पडतात. फरक तुम्हाला करता येत नसेल तर तो करत बसू नका, डॉक्टरांना विचारा. अपरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलता येतं.

नंतरचे महिने: लैंगिक इच्छा कमी होणं, वीर्यपतनाला उशीर. २१ वर्षांचा मुलगा हे घरात सांगणार नाही, तो गुपचूप गोळी बंद करेल. डॉक्टरांनी एकट्यात विचारावं अशी चिठ्ठी तुम्ही आधीच पाठवा. डोस, वेळ किंवा औषध बदलून यावर मार्ग काढता येतो. वजन, घाम, तोंड कोरडं पडणं हेही असतं, पण या गोळीत वजनाची तक्रार पॅरोक्सेटिनइतकी नसते.

रक्ततपासणी? या वयात, बाकी काही नसताना, सक्तीची अशी कुठलीच नाही. ६५ च्या पुढे किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर सोडियम बघतात.

---

सांजवारा

खलबत्ता, कोरा कागद, खूप आभार. डॉक्टरांशी बोलले. टिझानिडिन आणि डोम्पेरिडोन दोन्ही बंद, फ्लुवोक्सामिन कायम, सुरुवात पुढच्या सोमवारी. दोन प्रश्न राहिलेत. आईचा निम्म्या डोसचा आग्रह, आणि बाबांची सवय लागण्याची भीती. बाबा तर म्हणतात, थेरपी आहेच तर गोळी हवीच कशाला?

---

तिसरी घंटा

आईंना सांगा, निम्म्या डोसने धोका निम्मा होत नाही. मळमळ, पेंग, लैंगिक तक्रारी कमी डोसवरही येतात. फायदा तेवढा येत नाही. नैराश्यापेक्षा ओसीडीला डोस मोठा लागतो आणि वेळही जास्त लागतो. फ्लुवोक्सामिन २०० ते ३००, सर्ट्रालिन २०० पर्यंत, फ्लुओक्सेटिन ४० ते ८०. गोळी चालली की नाही हे ठरवायला एकूण ८ ते १२ आठवडे, त्यातले निदान ४ ते ६ आठवडे सोसेल त्या वरच्या डोसवर. ५० मिग्रॅवर सहा आठवडे काढून ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणणाऱ्याने त्रास पुरेपूर घेतलेला असतो, औषध मात्र घेतलेलंच नसतं. मग दुसरी गोळी, तिचीही तीच गत, आणि कागदावर ‘दोन औषधांना दाद नाही’ असा शेरा. त्या शेऱ्यानंतर पुढे क्लोमिप्रामिन किंवा सोबत अ‍ॅरिपिप्राझोल-रिस्पेरिडोन येतं, आणि त्यांचे धोके खरोखर वरच्या पायरीचे आहेत: क्लोमिप्रामिनमध्ये ईसीजी, मोठ्या डोसला फिट येण्याची शक्यता, बद्धकोष्ठता, आणि जास्त गोळ्या गिळल्या गेल्या तर जीवावर बेतणं.

१०० च्या वर गेल्यावर डोस सकाळ-रात्र असा विभागून देतात, मोठा हिस्सा रात्री. लांबणीवर सुटणारी कॅप्सूल असेल तर ती फोडायची-चावायची नाही.

सुधारणा म्हणजे काय तेही आधीच ठरवून ठेवा. वाय-बॉक्स २७ वरून १७ वर आला तर ती तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडी जास्त घट आणि तिला ‘चांगला प्रतिसाद’ म्हणतात. शून्याची वाट बघणाऱ्या घरात हा प्रतिसाद नापास ठरतो. औषधाने हात धुण्याची ओढ कमी होते, धुण्याची पद्धत आपोआप सुटत नाही. ती सोडवायला ईआरपी.

बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. आजार सौम्य ते मध्यम असेल तर नुसती ईआरपी आधी करून बघणं हा उत्तम पर्याय आहे, त्यात बाबा बरोबर आहेत. पण २७ हा तीव्र गट आहे, तो २४ पासून सुरू होतो. २००४ च्या एका गाजलेल्या अमेरिकन चाचणीत ७ ते १७ वयाच्या मुलांत जवळजवळ लक्षणमुक्त होण्याचं प्रमाण असं होतं: गोळी आणि थेरपी मिळून ५३.६ टक्के, नुसती थेरपी ३९.३, नुसती सर्ट्रालिन २१.४, बिनऔषधाची गोळी ३.६. हे आकडे बाबांना कागदावर लिहून द्या. आकड्यांत थेरपी गोळीच्या पुढे दिसते, तरी दोन्ही मिळून सगळ्यात पुढे. आणि चार तास हात धुणाऱ्या मुलाला ‘दाराच्या कडीला हात लावून तसाच बस’ हे पहिल्या पंधरवड्यात जमत नाही तेव्हा गोळीने किंचित उतरलेली भीतीच त्याला खुर्चीत बसवून ठेवते.

ईआरपी म्हणजे आठवड्याला एक याप्रमाणे १३ ते २० बैठका, आणि रोजचा गृहपाठ. तीन आठवडे हातात आहेत तर घरच्यांनी एक गोष्ट सुरू करावी: ‘गॅस बंद आहे ना?’ याला एकदाच उत्तर. दहाव्यांदा ‘हो रे बाबा, बंद आहे’ म्हणणं हा त्या चळाचा खुराक आहे. मात्र हे त्याला आधी सांगून, ठरवून करा. अचानक तोंड फिरवलंत तर भांडण होईल.

---

खलबत्ता

सवयीबद्दल. बाबांची भीती खरी आहे, फक्त चुकीच्या गोळीवर बसलीय. तुमच्या चिठ्ठीतल्या दोन गोळ्यांपैकी सवय लागते ती क्लोनाझेपामची: दोन-चार आठवडे रोज घेतली की शरीर तिला धरून बसतं आणि तोच परिणाम मिळायला हळूहळू जास्त लागते. डॉक्टरांनी ०.२५ आणि दोन आठवडे असं मोजून दिलंय, ते बरोबर आहे. चिठ्ठी संपली की ती डबीतून काढून टाका. शिवाय रोज क्लोनाझेपाम घेऊन केलेली ईआरपी फसते. भीती आपोआप उतरते हे शिकायचं असतं, आणि मेंदू शिकतो की गोळीने उतरते.

यातली खास आपल्याकडची अडचण म्हणजे जोडगोळ्या. एस्सिटॅलोप्रॅम १० आणि क्लोनाझेपाम ०.५ एकाच गोळीत सर्रास मिळतं. ओसीडीसाठी एस्सिटॅलोप्रॅम २० वर न्यायचं म्हटलं की क्लोनाझेपामही १ वर जातं, आणि बंद करायची वेळ आली की कुठल्या गोळीमुळे त्रास होतोय तेच कळत नाही. तुमची चिठ्ठी सुटी-सुटी आहे. दुकानात ‘हेच जोडीत देतो, स्वस्त पडेल’ म्हणाले तर नको म्हणा.

फ्लुवोक्सामिनची ओढ लागत नाही, डोस चढवत न्यावासा वाटत नाही. पण ते एकदम तोडलं तर चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात. त्याचा अर्धा भाग पंधरा-सोळा तासांत उतरतो, त्यामुळे दोन दिवस चुकले तरी काहींना जाणवतं. फ्लुओक्सेटिन हळू उतरतं म्हणून त्यात हे कमी, पॅरोक्सेटिनमध्ये सगळ्यात जास्त. लोक याच झटक्यांना ‘सवय’ म्हणतात.

नेहमीचा क्रम असा असतो: बरं वाटू लागल्यावर १ ते २ वर्षं तोच डोस, मग दर एक-दोन महिन्यांनी १० ते २५ टक्के कमी. २०० चे १५०, मग १२५, १००, आणि शेवटच्या पायऱ्या सगळ्यात बारीक. परीक्षेच्या किंवा नोकरी बदलण्याच्या महिन्यात उतरवायला घेऊ नका. झटके काही दिवसांत येतात आणि ओसरतात. चळ परतत असेल तर तो हळूहळू, आठवड्यांनी येतो, आणि वाढत जातो. हा फरक वहीत तारखा लिहिल्या तरच दिसतो.

दहा दिवसांच्या गोळ्या कायम जास्तीच्या घरात हव्यात. छोट्या गावात हे औषध दर दुकानात नसतं. दिवाळीत गावी गेलात आणि पाकीट संपलं, असे फोन दर वर्षी येतात.

---

कोरा कागद

एक राहिलं, आणि ओसीडीत हेच सगळ्यात आधी बिघडतं: गोळी घेणं हीच कृती चळात सापडते. गोळी ओट्यावर पडली, ‘घाण झाली’, टाकून दिली. पाकिटाला बाहेरचा हात लागला, आधी पाकीट पुसायचं. आणि तपासण्याचा चळ असलेल्यात सर्वात त्रासदायक म्हणजे ‘मी घेतली की नाही?’. खात्री नाही म्हणून दुसरी घेतली जाते.

सात कप्प्यांची डबी आणा. रविवारी एकदाच भरायची, भरताना तो आणि तुम्ही दोघं. रात्रीचा कप्पा रिकामा म्हणजे घेतली, विषय संपला. कॅलेंडरवर एक टिक, एकदाच. त्याने ‘खरंच घेतली ना?’ विचारलं तर ‘डबी बघ’ एवढंच म्हणा, स्वतः ग्वाही देऊ नका. डबी बघायचीही एकदाच. चुकली असेल आणि दुसऱ्या डोसची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्यायची, दोन एकदम नाही. आणि टाकून दिलेल्या गोळ्या मोजत राहा. आठवड्याला दोनपेक्षा जास्त जात असतील तर डॉक्टरांना वाटतंय तो डोस त्याच्या पोटात जातच नाहीये.

---

सांजवारा

डबी आणली. गोळी ओट्यावर पडण्याचं तुम्ही लिहिलंत ते वाचून तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांचं असंच होतं, आठवड्याला तीन-चार जातात.

सोमवारआधी डॉक्टरांना विचारायची यादी केलीय: कॉफी किती चालेल, २०० ला विभागणी कशी, एकट्यात बोलण्याची वेळ, आत्याला बायपोलर आहे असं बाबा काल म्हणाले, ते सांगणं.

---

कोरा कागद

चौथा मुद्दा पहिला करा. आणि सोमवारची वाट न बघता आज फोन करून सांगा, त्यांचं उत्तर येईपर्यंत पहिली गोळी थांबवा.